चाकाचा घेर आणि घाटाचा हिशेब

ट्रकमालकाच्या वहीत डिझेल आणि टायर हे दोन खर्च सर्वांत ठळक असतात. मागच्या आसाच्या पोटात फिरणाऱ्या दातेरी चक्रांचे गुणोत्तर मात्र त्या वहीत कोठेच आढळत नाही. कारखान्याने ते एकदा ठरविले की गाडीच्या आयुष्यभर ते नशिबासारखे गृहीत धरले जाते. टायर मात्र झिजतात, बदलावे लागतात, आणि बदलताना थोडे मोठे घालावेत असा मोह होतो. मोठे टायर अधिक ओझे पेलतात, खड्ड्यांत कमी आपटतात, गाडीला रुबाब देतात. हे लाभ खरे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु टायरचा घेर आणि आसाचे गुणोत्तर हे वस्तुतः एकाच निर्णयाचे दोन भाग आहेत. त्यांतला एकच भाग बदलला तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि बहुधा ती घाटात मोजावी लागते.

या दृष्टीने खुलताबादचा रस्ता पाहण्यासारखा आहे. छत्रपती संभाजीनगरहून निघालेला हा रस्ता दौलताबादच्या किल्ल्याजवळून घाट चढतो, खुलताबादच्या पठारावर येतो, वेरूळच्या बाजूला पुन्हा उतरतो आणि कन्नड ओलांडून औट्रम घाटाने चाळीसगावकडे, खानदेशात जातो. सोलापूर-धुळे महामार्गावरील मालवाहतूक अनेक वर्षे याच वाटेने होत आली. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी शहरातून असंख्य भाविक रात्री पायी निघतात, तेही याच रस्त्याने. अशा वाटेवर चढणीला दमलेली किंवा उताराला न आवरणारी मालमोटार हा केवळ मालकाचा खाजगी प्रश्न राहत नाही.

प्रश्नाचे गणित साधे आहे. इंजिनाकडून आलेला शाफ्ट मागच्या आसातील लहान दातेरी चक्राला, म्हणजे पिनियनला फिरवितो. पिनियन मोठ्या क्राऊन चक्राला फिरविते आणि त्यातून चाके फिरतात. पिनियनला 6 आणि क्राऊनला 41 दात असतील, तर शाफ्टच्या 6.83 फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. गॅरेजमध्ये यालाच गाडीचा ‘रेशो’ म्हणतात. हा आकडा जितका मोठा तितकी ओढ अधिक आणि वेग कमी. जितका लहान तितका वेग अधिक आणि ओढ कमी. म्हणूनच खडी वाहणाऱ्या टिपरचे गुणोत्तर मोठे, तर सपाट महामार्गावर लांब पल्ल्याने धावणाऱ्या गाडीचे लहान ठेवण्याची पद्धत आहे.

आता एखाद्या ट्रकचे 8.25-20 मापाचे टायर काढून 10.00-20 मापाचे घातले असे समजू. पहिल्याचा व्यास सुमारे 97 सेंटिमीटर, दुसऱ्याचा सुमारे 105. ओझ्याखाली टायर जो थोडा दबतो तो सोडून दिला, तर पहिले चाक किलोमीटरमागे सुमारे 328 फेऱ्या घेईल आणि दुसरे 303. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. त्या वेगाला शाफ्ट पूर्वी मिनिटाला सुमारे 2,240 फेऱ्या घेत असे, आता तो 2,070 घेईल. दात तेवढेच राहिले, पण 6.83 चे गुणोत्तर व्यवहारात 6.31 झाले. पूर्वीचा तोल परत आणायचा तर 6.83 ला 105 ने गुणून 97 ने भागावे. उत्तर सुमारे 7.4 येते. शाळकरी विद्यार्थ्याला जमेल असे हे त्रैराशिक आहे. ते मांडले जात नाही, एवढेच.

सपाट रस्त्यावर हा बदल सुखाचाच वाटतो. इंजिन कमी फिरते, आवाज कमी होतो, हलक्या ओझ्याला डिझेलही थोडे वाचू शकते. चढणीवर चित्र पालटते. तेच इंजिन, तोच गिअर, पण चाकाच्या काठाशी मिळणारी ओढ सुमारे 8 टक्क्यांनी घटते. त्यातच मोठे टायर पुष्कळदा अधिक माल भरण्यासाठी घातलेले असतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढविली आणि दोन आसांच्या ट्रकचे कायदेशीर एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेले; ही वाढ सुमारे 14 टक्क्यांची. एखाद्या गाडीचे एकूण वजन याच प्रमाणात वाढले आणि टायरमुळे ओढ 8 टक्क्यांनी घटली, तर दर टनामागे मिळणारी ओढ सुमारे 19 टक्क्यांनी कमी होते. वेगवेगळे पाहिले तर किरकोळ वाटणारे दोन बदल एकत्र आले की जवळजवळ पाचवा हिस्सा गिळून टाकतात.

उतारावरची गोष्ट याहून गंभीर आहे. उतारावर गाडी आवरण्यासाठी शहाणा चालक खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाचा आधार घेतो. तोही 8 टक्क्यांनी ढिला पडतो. ब्रेकचा ड्रम चाकावर बसविलेला असतो आणि त्याची पकड तेवढीच राहते, पण चाक मोठे झाल्याने रस्त्यावर पडणारा तिचा जोर त्याच प्रमाणात उणावतो. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. क्राऊन-पिनियन बदलून ओढ परत येईल, इंजिनाचा रोधही परत येईल. ब्रेकची उणीव मात्र भरून निघणार नाही, कारण ब्रेक या दातेरी चक्रांच्या पलीकडे, चाकापाशी असतो. म्हणजे योग्य गुणोत्तर निवडल्यानेही मोठ्या टायरचा सारा दोष धुऊन निघत नाही. ब्रेकच्या क्षमतेचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो.

आणखी एक हिशेब आहे आणि तो गरिबाच्या पोटाशी भिडणारा आहे. शाफ्टच्या फेऱ्या मोजून अंतर दाखविणारे मीटर टायर बदलल्याचे जाणत नाही. गाडी 1,000 किलोमीटर धावली तरी ते सुमारे 924 दाखविते. चार किलोमीटरला एक लिटर या दराने 250 लिटर डिझेल प्रामाणिकपणे जळाले, तरी मालकाच्या हिशेबाने 231 लिटरच जळायला हवे होते. उरलेल्या 19 लिटरची चोरी चालकाच्या माथी बसते, आणि ती त्याच्या पगारातून वळती झाली तर दाद कोठे मागायची हे त्याला ठाऊक नसते. याच न्यायाने, शाफ्टच्या फेऱ्यांवर चालणारा वेगनियंत्रक ताशी 80 किलोमीटरला लावलेला असला, तरी गाडी प्रत्यक्षात 86 च्या पुढे जाते.

याचा अर्थ प्रत्येक वेळी गुणोत्तर बदललेच पाहिजे असा नाही. 9.00-20 वरून 10.00-20 वर गेल्यास व्यासात साधारण 3 टक्क्यांचा फरक पडतो. गिअरबॉक्समधील खालच्या गिअरांनी तो सावरता येतो, मीटर तेवढे दुरुस्त करून घ्यावे. फरक 8 टक्क्यांपर्यंत गेला, ओझे पूर्ण असले आणि वाट घाटाची असली, म्हणजे मात्र गुणोत्तराचा प्रश्न टाळता येत नाही. अशा वेळी कारखान्याने त्या आसासाठी दिलेल्या जोड्यांपैकी जवळची जोडी निवडावी लागते. क्राऊन आणि पिनियन एकमेकांशी जुळवून घडविलेले असतात, म्हणून ते जोडीनेच बदलावे लागतात. चालते आस दोन असतील तर दोन्हींचे गुणोत्तर एकच ठेवावे लागते. हा सारा खर्च टायरच्या किमतीत धरला, तर पुष्कळांचा मोह आपोआप ओसरेल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोष कोठे आहे? तो बाजाराच्या रचनेत आहे. टायर एका दुकानात मिळतो, क्राऊन-पिनियन दुसऱ्या, आणि दोहोंचा संबंध सांगण्याची जबाबदारी कोणावरच नाही. शिवाय प्रवासातला घाट काही किलोमीटरांचा, सपाटी शेकडो किलोमीटरांची. मालकाचा सरासरी हिशेब म्हणूनच सपाटीच्या बाजूने झुकतो. पण घाटात बंद पडलेल्या एका गाडीमागे जी रांग लागते, तिच्यातल्या रुग्णाचे, विद्यार्थ्याचे, भाजीपाल्याचे नुकसान मालकाच्या वहीत उतरत नाही. अपघात आणि कोंडीने बदनाम झालेल्या औट्रम घाटात अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ऑगस्ट 2023 मध्ये अवजड वाहतुकीला बंदी घालावी लागली. तेथील कोंडीला अरुंद रस्ता, दरडी आणि बेसुमार वाहतूक अशी अनेक कारणे होती; सारा दोष गाड्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही वळशाचा भुर्दंड सर्वांनाच सोसावा लागला, ज्यांची गाडी घाटाजोगी होती त्यांनाही.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले आहे. परंतु कलमाचा धाक दाखवून त्रैराशिक शिकविता येत नाही. आसाचे गुणोत्तर आणि मान्य टायरची मापे नोंदणीच्या कागदावर ठळकपणे असावीत, योग्यता तपासणीच्या वेळी टायरचे माप त्यांच्याशी ताडून पाहावे, आणि टायरच्या बिलावर व्यासाचा आकडा छापावा. डिझेलच्या तुटीबद्दल चालकाला जाब विचारण्यापूर्वी मीटर तपासणे हा तर साध्या न्यायाचा भाग आहे. या सुधारणांना फारसा पैसा लागत नाही, थोडी शिस्त लागते.

ज्याची कबर खुलताबादेत आहे तो मलिक अंबर जमिनीचा कस पाहून सारा ठरविण्याच्या पद्धतीबद्दल इतिहासात नावाजला गेला. काळ्या कसदार जमिनीला आणि खडकाळ माळाला एकच दर लावणे त्याला मान्य नव्हते. त्याच भूमीवरून आज धावणाऱ्या मालमोटारीचे गुणोत्तरही वाट आणि ओझे पाहूनच ठरले पाहिजे. सपाटीवरचा नफा मालकाचा आणि घाटातला धोका वाटसरूचा, ही वाटणी कोणत्याही हिशेबात बसणारी नाही.