परदेशींचा पगार आणि घरची भीड

लंडनच्या एखाद्या चित्रसंस्थेंत संगणकीय दृश्यें रचण्याचें काम मिळण्याच्या बेतांत असलेला तरुण आज आपल्या ओळखीच्या एखाद्या तरी कुटुंबांत आढळेल. मुलाखत चांगली होते, कामाचे नमुने पसंत पडतात आणि शेवटीं साधा प्रश्न येतो: "आपली वेतनाची अपेक्षा काय?" इतका वेळ आत्मविश्वासानें बोलणारा उमेदवार येथें एकाएकीं चांचरतो व "आपण द्याल तें" असें म्हणून मोकळा होतो. याला आपल्याकडे विनय म्हणतात. आमच्या मतें हा निव्वळ हिशेबाचा आळस आहे, आणि त्याचें शिक्षण त्याला घरींच मिळालेलें असतें.

घरच्या मंडळींचे युक्तिवाद तीन. पहिला असा, कीं कलावंतानें पैशाची भाषा बोलूं नये. हें सांगणारे गृहस्थ स्वतः मात्र महागाई-भत्त्याची पै न् पै मोजून घेत आलेले असतात! स्तुति म्हणजे मोबदला नव्हे, याचा दाखला हवा असल्यास २०१३ सालचा फेब्रुवारी महिना आठवावा. 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटांतील वाघ ज्या 'रिदम अँड ह्यूज' संस्थेच्या कलावंतांनीं पडद्यावर जिवंत केला, तिनें त्या महिन्यांत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यांत त्या कामास ऑस्कर मिळालें. समारंभाच्या दिवशीं शेकडों दृश्यकलावंत बाहेर निदर्शनें करीत होते. ठरीव रकमेंत काम पत्करावयाचें आणि मागाहून होणारे फेरफार पदरमोड करून पुरवावयाचे, या धंद्याच्या रीतीला तेव्हां पुष्कळांनीं दोष दिला. टाळ्यांनीं घरभाडें भागत नाहीं.

दुसरा युक्तिवाद गुणाकाराचा. काकासाहेब पौंडांना शंभरानें गुणतात आणि उद्गारतात, "४२,००० पौंड म्हणजे बेचाळीस लाखांच्या वर! आणखी काय मागायचें?" परंतु हा मुलगा पौंड मिळवून पुण्यांत खर्च करणार नाहीं, तो लंडनमध्यें खर्च करणार आहे. २०२५-२६ सालच्या इंग्लंडांतील दरांप्रमाणें या पगारापैकीं १२,५७० पौंडांवरील रकमेवर वीस टक्के प्राप्तिकर व आठ टक्के राष्ट्रीय विम्याची वर्गणी द्यावी लागते. ही वजावट सुमारें ८,२४० पौंड होते आणि दरमहा हातीं सुमारें २,८१० उरतात. निवृत्तिवेतनाची वर्गणी गेल्यावर त्याहूनही कमी. लंडनच्या बहुतेक भागांत एका शयनगृहाचें बिऱ्हाड यांतील निम्मी रक्कम सहज गिळतें. शिवाय व्हिसाबरोबर आरोग्य-अधिभार म्हणून प्रत्येक प्रौढ माणसामागें वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागतात. पतिपत्नींचे तीन वर्षांचे ६,२१० झाले. हे मालक देणार कीं उमेदवार, हें न विचारण्याला सौजन्य कसें म्हणावें?

याच चुकीची एक सख्खी बहीण आहे. २२ जुलै २०२५ पासून तेथील कुशल कामगारांच्या व्हिसासाठीं सर्वसाधारण किमान वेतन ४१,७०० पौंड, किंवा त्या धंद्याचा ठरलेला दर, यांपैकीं जास्त असेल तें, असा नियम झाला. नवख्यांस कांहीं सवलत आहे. कित्येक उमेदवार या किमान आंकड्यालाच आपल्या कामाचें मोल समजून बसतात. आठ वर्षें मुरलेल्या कलावंतानें उंबरठ्यावरच बिऱ्हाड थाटावें, असा याचा अर्थ होतो.

तिसरा युक्तिवाद मात्र विचारार्ह आहे: "आधीं चंचुप्रवेश होऊं द्या, पैसे मागाहून वाढतील." नवशिक्याला अनुभवाचीही किंमत असते, हें आम्ही मान्य करतों. पण पगारवाढ बहुधा मूळ पगाराच्या टक्क्यांनींच मिळते; आणि ज्याचा व्हिसा एका मालकाशीं बांधलेला, त्याला दुसरीकडे जाण्यासाठीं नव्या मालकाची हमी व नवा अर्ज लागतो. म्हणून संकोचानें उच्चारलेला पहिला आंकडा वर्षानुवर्षें पाठ सोडीत नाहीं.

हा संकोच तिकडच्या रिवाजालाही धरून नाहीं. कॅलिफोर्नियांत २०१८ पासून उमेदवाराला मागील पगार विचारण्याची मालकास मनाई आहे. व्हँकुव्हर ज्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत आहे, तेथें १ नोव्हेंबर २०२३ पासून जाहिरातींत पगार किंवा त्याच्या मर्यादा द्याव्या लागतात. जेथें कायदाच आंकडा उघड करावयास लावतो, तेथें आपण तो लपवून कोणती सभ्यता दाखवितों? आणि येथील रुपयांतला पगार सांगून तिकडची मागणी त्यावर बेतणें तर स्वतःचेंच पाय तोडून घेणें होय.

तेव्हां उमेदवारानें प्रथम त्या शहरांतील भाडें, प्रवास, कर, घरीं पाठवावयाची रक्कम व शिल्लक मांडून आपली गरज काढावी. मग तशाच कामाच्या जाहिरातींतील मर्यादा पाहून बाजारभाव काढावा. या दोहोंत जो आंकडा मोठा, त्याच्या खालीं उतरूं नये. कराराची मुदत किती आणि जादा तासांचे पैसे मिळतात कीं नाहीं, हेंही लेखी विचारावें.

हा प्रश्न एकट्याचा नाहीं. कमी मागणारा मनुष्य तेथील सहकाऱ्यांचा दर पाडतो, आणि त्याच्यामागून जाणाऱ्या आपल्याच मुलांच्या कपाळीं 'स्वस्त' हा शिक्का मारून ठेवतो. भीड भिकेची बहीण, असें आपल्या आजीबाईंनीं सांगून ठेवलें आहे. मुलाच्या सामानांत लोणचें बांधून देतांना आईबापांनीं त्याच्या मनांतील ही भीड तेवढी काढून घ्यावी.