पांढऱ्यावर काळं

बँकेत बावीस वर्षं पांढऱ्यावर काळं करून पोट भरणाऱ्या माणसानं काळ्या-पांढऱ्याविरुद्ध लेखणी उचलावी, हे खाल्ल्या मिठाला जागणं नव्हे. पण आता गप्प बसवत नाही.

मूळ भांडण 2005 सालचं. मी तेव्हा तालुक्याच्या शाखेत होतो. जूनच्या तोंडावर साहेबांनी पीककर्जाच्या वसुलीचा एक रंगीत गोल कॉम्प्युटरवर काढून घेतला. पुरणपोळीचे चार तुकडे करावेत तसा. हिरवा तुकडा वेळेवर फेडणाऱ्यांचा, पिवळा थोडं मागंपुढं करणाऱ्यांचा, निळा पाऊस न झाल्यामुळे ज्यांना रीतसर मुदत वाढवून दिली त्यांचा, आणि लाल टोपी घालणाऱ्यांचा. हा गोल कॉम्प्युटरमधूनच फॅक्सनं वरच्या कचेरीत गेला. तासाभरात फोन! "अर्धी शाखा बुडवलीत की काय?"

तिकडे निळा आणि लाल दोन्ही काळेकुट्ट पोचले होते. मूळ कागद टपालानं जाऊन उलगडा होईपर्यंत नवी पीककर्जं थांबली. निळ्या तुकड्यातले एक आजोबा रोज येऊन बाकावर बसत आणि कामकाजाची वेळ संपली की मुकाट्यानं उठून जात. बियाणं त्यांनी शेवटी सावकाराच्या पैशातून आणलं. आम्ही दोष टेलिफोनच्या लाइनला दिला. ती बिचारी उलट बोलत नाही.

परवा माझ्या भाच्यानं लाइनला निर्दोष सोडलं. त्याला जुन्या टर्मिनलांचं वेड आहे. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या टर्मिनलांवर म्हणे 'सिक्सेल' पद्धतीनं चित्रं उमटत. चित्र अक्षरांच्या रूपात यायचं, आणि एक अक्षर म्हणजे एकाखाली एक सहा ठिपके. सहा ठिपक्यांच्या चौसष्ट तऱ्हा, म्हणून अक्षरंही चौसष्ट. हिशेब जुळला की आम्हा बी. कॉम. लोकांना गहिवरून येतं. असं चित्र फॅक्सच्या साच्यात ओतणारा प्रोग्राम त्यानं लिहिला होता. मी त्याला तोच चार रंगांचा गोल काढायला लावला.

पहिल्या खेपेस गोलाचं उभं अंडं झालं. फॅक्सचे ठिपके आडवे मिलिमीटरला आठ, पण साध्या प्रतीत ओळी चारसुद्धा नाहीत! ते त्यानं दुरुस्त केलं. मग रंग. 1980 साली ठरलेल्या 'ग्रुप 3' फॅक्सची एक ओळ 1728 ठिपक्यांची, आणि ठिपका काळा नाहीतर पांढरा. तेव्हा प्रत्येक रंगाला उजेडाचे गुण द्यायचे : हिरव्याला शंभरात 59, लालाला 30, निळ्याला 11, आणि पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणून 89. पन्नासच्या वर पांढरा, खाली काळा. आमचे आजोबा अकरा गुणांनी नापास झाले होते तर!

"पण पन्नास कुणी ठरवले?" मी विचारलं.

"कुणी नाही, मामा. न विचारता तेवढे धरतात."

वाचकहो, माझं भांडण या 'न विचारता'शी आहे. उपाय नव्हता असंही नाही. ठिपके विरळ-दाट पेरून करड्याचा भास करायची फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची रीत 1976पासून छापलेली आहे. पण फॅक्स सलग किती पांढरे, सलग किती काळे एवढंच मोजून मजकूर आवळतो. ठिपके पेरले की सलग काही उरत नाही, पान जायला वेळ लागतो, आणि ट्रंकचं बिल चढतं. म्हणजे चार रुपये वाचवायला माणसं काळी करायची!

"फॅक्समध्ये करडा नसतोच, त्याला कोण काय करणार?" हा भाच्याचा बचाव मला मंजूर नाही. चेकऐवजी चेकचं चित्र पाठवायची पद्धत आपल्याकडे दिल्लीत 2008 साली सुरू झाली. तीत चेकच्या दर्शनी बाजूची दोन चित्रं काढतात, एक काळं-पांढरं आणि दुसरं करड्या छटांचं. पाचशे रुपयांच्या चेकला जो करडा मिळतो, तो आजोबांना का नाही?

भाच्याला मी बजावलंय, तुझ्या प्रोग्रामनं काळं करण्याआधी विचारलं पाहिजे, रेघ कुठं मारू?

"मामा, लोक कंटाळतील."

कंटाळू देत. आजोबा अठरा दिवस बाकावर बसले होते.