फिरत्या सळईचे अर्थशास्त्र

आमच्या तीर्थपुरीच्या परिसरात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले तसा ऊस वाढला, उसाबरोबर ट्रॅक्टर आले आणि ट्रॅक्टरच्या मागोमाग ट्रॉल्या बांधून देणारी, तुटलेले सांधे जोडून देणारी वेल्डिंगची दुकाने आली. अशाच एका दुकानात गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक यंत्र दाखविले. लोखंडी अँगलची दोन उभी घोडी, त्यांवर बेअरिंगमध्ये बसविलेली सहा फुटी सळई, एका बाजूस सायकलच्या दोन साखळ्या आणि त्यांच्या टोकाला गाडीची काच पुसणाऱ्या वायपरची मोटार. 'सर, अख्खे डुक्कर भाजायचे यंत्र आहे,' असे तो म्हणाला आणि म्हणताना त्याने आवाज खाली आणला. यंत्राचे मला कौतुक वाटले. परंतु माझ्या मनात घर करून राहिला तो त्याचा खाली आलेला आवाज.

हा तरुण पदवीनंतर गोव्यातील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. तेथील ख्रिस्ती कुटुंबांच्या मेजवानीत डुकराचे कोवळे पिल्लू अख्खे भाजून मानाने मांडतात. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दाने त्याला 'लेतांव' म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत नोकरी गेली आणि तो गावी परतला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळली जातात. जो प्राणी गोव्यात पाहुण्यांपुढे कौतुकाने येतो, तोच आपल्या गावी ज्याच्यामुळे आपल्याला वेशीबाहेर राहावे लागले तो प्राणी आहे, ही विसंगती त्याला जाचू लागली. कच्चे जनावर व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने देण्याऐवजी ते भाजून, मेजवान्यांच्या मागणीप्रमाणे विकावे, असे त्याने ठरविले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत यालाच मूल्यवर्धन म्हणतात आणि आम्ही ते वर्गात दरवर्षी शिकवितो.

यंत्राची करामत

तीस-चाळीस किलोचे जनावर अख्खे भाजावयाचे म्हणजे पाच-सहा तासांचे काम. ते सारखे फिरत राहिले नाही, तर एक बाजू कोळसा होते आणि दुसरी कच्ची राहते. हाताने फिरवावयाचे तर दोन माणसांनी आळीपाळीने विस्तवाशेजारी बसावयास हवे. जगभर हे काम कोणाच्या तरी नशिबी आलेच. इंग्लंडमध्ये तर काही शतके स्वयंपाकघरातील चाकात कुत्र्याला पळवून सळई फिरविली जात असे, आणि त्यासाठी आखूड पायांच्या कुत्र्यांची एक जातच पाळली होती. आपल्याकडे उसाच्या चरकाला बैल जुंपत, पुढे तेथे मोटार आली. त्याच वाटेने हा तरुण गेला.

वायपरची मोटार मिनिटाला सुमारे ४५ फेरे घेते. सळई हवी चार-पाच फेऱ्यांची. त्याने १४ दात्यांच्या लहान चक्रावरून ४४ दात्यांच्या मोठ्या चक्रावर साखळी घेतली आणि हीच जोडणी पुन्हा एकदा केली. ४५ चे १४ झाले आणि १४ चे साडेचार. पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. लहान चक्र सायकलच्या फ्रीव्हीलचे होते. जनावराची जड बाजू वर येऊन पलीकडे कलली की फ्रीव्हील मोकळे सुटे आणि सारे ओझे धाडकन खाली येई. त्याने फ्रीव्हील वेल्डिंगने कायमचे बंद केले आणि सळईवर एक सरकते वजन बसविले. चाळीस किलोचे ओझे अक्षापासून पाचच सेंटिमीटर बाजूला असले, तरी मीटरभर दांड्याच्या टोकाला दोन किलो टांगल्याइतका पीळ सळईवर पडतो. त्या वजनाने तो तोलला जातो. अन्नाला लागणारी सळई त्याने स्टेनलेस पोलादाची घेतली. जस्ताचा मुलामा दिलेला नळ तापल्यावर विषारी धूर सोडतो, हे त्याला ठाऊक होते. निखारे त्याने सळईच्या थेट खाली न ठेवता दोन्ही अंगांना ठेवले, म्हणजे ठिबकणारी चरबी पेट घेत नाही. आणि खांदे व मांड्या जाड म्हणून तेथे विस्तव अधिक, मधल्या भागी कमी.

आता हिशोब पाहू. बारा व्होल्टची ही मोटार पाच अँपिअर वीज घेते असे धरले, तर सहा तासांत युनिटच्या सुमारे एक-तृतीयांश इतकीच वीज लागते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ती सहज चालते, म्हणजे वीज गेली तरी काम अडत नाही. साहित्य बहुतेक भंगारातले. सारा खर्च दहा हजारांच्या आत बसला. मुद्रा योजनेतील 'शिशु' कर्जाची मर्यादा पन्नास हजारांची आहे. तंत्र आहे, भांडवल आवाक्यात आहे, कच्चा माल घरचा आहे आणि श्रम करणारा शिकलेला आहे. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हा धंदा उभा राहावयास कोणतीच अडचण नसावी.

तिरस्काराची किंमत

प्रत्यक्षात त्याने कर्जाच्या अर्जावर धंद्याच्या रकान्यात 'केटरिंग' असे लिहिले. का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, 'सर, खरे लिहिले तर साहेब कागद हातात धरणार नाहीत.' कोणी त्याला नाही म्हटले नव्हते; त्याने ते आधीच गृहीत धरले होते. ज्या नकाराचा उच्चारही करावा लागत नाही, तो नकार सर्वांत बळकट असतो. डॉ. आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्राचे पंडित. जात ही कामे वाटून देऊन थांबत नाही, ती काम करणारी माणसेच एकमेकांवर पायऱ्यांनी रचते, हे त्यांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. वडार, कैकाडी अशा वराहपालन करणाऱ्या जमातींवरील गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला; धंद्यावरचा शिक्का मात्र कोणत्याही कायद्याने पुसला गेलेला नाही.

येथे काही वाचक म्हणतील, आम्ही मांस खात नाही, हा आमचा प्रश्न नव्हे. तो आहे. मोकाट डुकरे उघड्यावरील घाण खातात आणि त्यांच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी होतात. ते मांस कच्चे राहिले, तर खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. त्याच्या विष्ठेतील अंडी अस्वच्छ पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि मेंदूत गाठी होऊन झटके येऊ लागतात. ज्याने डुकराला आयुष्यात हात लावला नाही, अशा शुद्ध शाकाहारी माणसालाही हा रोग होतो. याला उपाय तीन: डुकरे गोठ्यात बांधून पाळणे, कापण्यापूर्वी व नंतर पशुवैद्याकडून तपासणी आणि मांस आतपर्यंत शिजणे. तिसरा उपाय सावकाश फिरणाऱ्या सळईने सोपा केला. पहिले दोन मात्र एकट्या माणसाच्या हातचे नाहीत. तपासणीची सोय असलेली जागा शोधत आपण बराच फिरलो, जवळपास कोठे मिळाली नाही, असे तो सांगतो.

शासनाची योजना नाही असे नव्हे. राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ मध्ये फेररचना झाली, तेव्हा वराहपैदास केंद्रांना ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत, भांडवली अनुदान देऊ करण्यात आले. परंतु ती मोठ्या केंद्रांची योजना होय. चार माद्या पाळणारा माणूस अनुदान मिळण्यापूर्वी जमीन आणि बँकेची हमी कोठून आणणार? २०१९ च्या पशुगणनेत देशातील डुकरांची संख्या सुमारे ९० लाख भरली. २०१२ च्या मानाने ती १२ टक्क्यांनी घटली होती. त्यानंतर २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग देशात शिरला. ही घट काही जणांना स्वच्छतेची खूण वाटेल. ज्यांच्या घरची ती एकमेव ठेव आहे, त्यांच्या दृष्टीने ती काय आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

कोणाच्याही धार्मिक भावना दुखवून हा धंदा चालावा, असे मी म्हणत नाही. जागा स्वतंत्र असावी, पाटी स्पष्ट असावी. ज्याला खावयाचे त्याने खावे, ज्याला नाही त्याने पुढे जावे. प्राणिहत्येविषयी ज्यांचा तात्त्विक आक्षेप आहे, त्यांच्याविषयी मला आदर आहे, मात्र तो आक्षेप बोकडालाही लागू पडला पाहिजे. बोकडाचे दुकान बाजारपेठेत आणि डुकराचे गावाबाहेर, हा भेद अहिंसेचा खचित नव्हे. मागणे लहान आहे. तालुक्याच्या ठिकाणी तपासणीची एक सोय, चार जनावरे पाळणाऱ्यालाही पेलेल अशी अनुदानाची लहान पायरी, आणि अर्जावर खरे लिहिणाऱ्याचा कागद इतर कागदांसारखाच हाती घेणारा कारकून. यांतील पहिल्या दोन गोष्टी शासनाने करावयाच्या. तिसरी आपल्यापैकी कोणालाही आज करता येईल.

हे लिहिताना मलाही एक कबुली दिली पाहिजे. लघुउद्योगाचा धडा शिकविताना मी आजवर गुऱ्हाळाचे, दुधाचे, पापड-लोणच्याचे उदाहरण देत आलो. ज्या घरात डुकरे पाळली जातात, त्या घरची मुले माझ्या वर्गात वर्षानुवर्षे बसत होती आणि त्यांच्या घरचा धंदा माझ्या फळ्यावर एकदाही आला नाही. त्या तरुणाचा आवाज खाली आला, याला थोडासा मीही कारण आहे. या सत्रात तो हिशोब मी फळ्यावर मांडणार आहे: ४५ फेऱ्यांचे साडेचार कसे होतात येथपासून, अर्जावरच्या त्या रकान्यापर्यंत.