गोरेपणाची क्रीम घेताय? भाव विचारण्याआधी डबी उलटी करून बघा

लग्नसराई आली की तालुक्याच्या बाजारात, जनरल स्टोअरमध्ये, पार्लरमध्ये क्रीमच्या डब्यांचा खप वाढतो. आता तर मोबाइलवरूनही घरपोच येतात. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं : कितीला आहे आणि किती दिवसांत फरक पडेल? डबीत काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. अकोल्यातल्या एका कुटुंबाला हे फार महागात पडलं.

अकोल्यात काय झालं?

एक कॉलेजातली मुलगी, तिची आई आणि बहीण. तिघी पार्लरमधून आणलेली गोरेपणाची एकच क्रीम लावत होत्या. पुढे तिघींच्याही किडनीचा त्रास निघाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर गाजली.

हे एकाच घरापुरतं नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात डॉक्टरांनी एका विशिष्ट किडनीविकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतले १५ जण या विकाराच्या एका दुर्मीळ प्रकाराचे निघाले आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते.

पारा घालतात कशाला?

कातडीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते तयार होणं पारा अडवतो. म्हणून चेहरा पटकन उजळ दिसतो. पण हाच पारा कातडीतून रक्तात आणि पुढे किडनीत जातो. क्रीम लावणाऱ्या आईच्या हातातून तो लेकरापर्यंतही पोचतो. देशातल्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. चुकून आलाच तरी दहा लाख भागांत एक भाग, याच्या वर चालत नाही.

दुसरा धोका मेडिकलमधल्या ट्यूबचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही नावं दिसली तर ते स्टेरॉइड आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. २०१८ पासून अशा ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. "शेजारणीला गुण आला" म्हणून त्या रोज चोपडल्या की कातडी पातळ होते, लाली येते, केस उगवतात.

डबीवर काय बघायचं?

पहिलं, बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक. माल बाहेरच्या देशातला असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. दुसरं, बॅच नंबर आणि वापरण्याची शेवटची तारीख. तिसरं, घटकांची यादी. खोक्यावर काहीच नसेल, किंवा पार्लरवालीने साध्या डबीत भरून दिलं असेल, तर ते दहा रुपयांनाही महागच.

घटकांच्या यादीचा एक नियम लक्षात ठेवा : जे जास्त, ते आधी. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी येतात. डबीवर केशर-चंदनाचं मोठं चित्र आणि यादीत त्यांची नावं अगदी तळाला असतील, तर तुम्ही पैसे चित्राचे देताय. यादी इंग्रजीत असली तर मोबाइलने फोटो काढून भाषांतर करून घ्या. पण हेही खरं की पारा घालणारा तो यादीत लिहीत नाही. म्हणून "सात दिवसांत गोरे" असा दावा दिसला की डबी खाली ठेवा, मग वर ‘हर्बल’ लिहिलेलं का असेना.

मग भाव

ही चाळणी लागल्यावरच भावाची तुलना करा, तीही ग्रॅमवर. समजा २५ ग्रॅमची डबी ६० रुपयांना आहे, तर ग्रॅमला २ रुपये ४० पैसे पडले. ८० ग्रॅमची १६० ला असेल तर २ रुपये. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असं नाही. शाम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केसांचं तेल, अंगाचा साबण, टाल्कम पावडर यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. चेहऱ्याच्या क्रीमवर तो १८ टक्केच आहे. थंडीत कातडी फुटते त्याला साधी पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीन पुरतं.

क्रीम लावणाऱ्या कोणाच्या तोंडावर-पायांवर सूज दिसली, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम लगेच बंद करा आणि डबी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. डबी फेकू नका, तोच पुरावा आहे. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात करता येते; बिल, भाव किंवा फसवणुकीबद्दल ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यासाठी पक्कं बिल मागून घ्या. बिल द्यायला दुकानदार का-कू करत असेल, तर माल घेऊच नका.