रिकाम्या खोबणीची वाढ

डोळ्याची खोबण वाढते ती नेत्रगोलाच्या रेट्याने. जन्मतः नेत्रगोलाची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, प्रौढपणी २४. यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांतच उरकते. नेत्रगोल नसलेल्या किंवा अगदी खुरटलेल्या बाळाला हा रेटा मिळत नाही. हाड मागे पडते, पापण्या आखूड राहतात, पापण्यांच्या आतल्या अस्तराचे, म्हणजे कन्जंक्टायव्हाचे, कप्पे उथळ होतात. दोष एकाच बाजूला असेल तर चेहऱ्यातली तफावत वयाबरोबर वाढत जाते. ‘मूल मोठे झाल्यावर बघू’ हे उत्तर इथे चालत नाही.

आधी तपासणी. सोनोग्राफी, एमआरआय आणि व्हीईपी (प्रकाशाला मेंदूचा विद्युत प्रतिसाद मोजणारी चाचणी) यांनंतरच डोळ्यात काही दृष्टी आहे का ते ठरवावे. असेल तर तो डोळा झाकला जाईल असे काहीही बसवू नये. दुसरा डोळा धड दिसला तरी बाहुली मोठी करून पडदा पाहावा, तिथे कोलोबोमा (जन्मजात फट) सापडू शकतो. सॉक्स-२ जनुकात बदल असल्यास अन्ननलिका आणि पिट्युटरीचे दोषही सोबत असू शकतात, म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून हवा.

उपचाराचा कणा म्हणजे कन्फॉर्मर, पापण्यांमागे बसवून जागा ताणत नेणारा साचा. पहिला जेमतेम चिंचोक्याएवढा, अ‍ॅक्रिलिकचा, धरायला पुढे बारीक दांडी असलेला. सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने तो थोडा थोडा मोठा करत न्यायचा. बाळ मुठीने ओढून काढते. तो परत बसवायला आईला हाताला धरून शिकवावे लागते, आणि सगळे यश बहुधा तिथेच ठरते. दुसरा मार्ग हायड्रोजेलच्या विस्तारकाचा. तो कोरडा असताना इवलासा असतो, अश्रू शोषून काही पटींनी फुगतो. तोवर पापण्या तात्पुरत्या शिवून किंवा सायनोअ‍ॅक्रिलेटने चिकटवून ठेवतात. घाईने फार मोठा कन्फॉर्मर कोंबला की खालची पापणी बाहेर उलटते आणि तो टिकत नाही.

शस्त्रक्रिया यानंतरची. कन्फॉर्मर मावत नाही म्हणून बाहेरचा कोपरा कापून वाट करण्याचा मोह टाळलेला बरा. व्रण आकसतो आणि पुढचे काम अवघड होते. खुरट्या डोळ्यासोबत द्रवाची पिशवी (सिस्ट) असेल तर ती काढायची घाई नको, खोबण ती आयतीच वाढवते. कप्पे अपुरे पडल्यास ओठाच्या आतल्या अस्तराचे कलम लावतात. खोबणीचे आकारमान कमी असल्यास तिच्यात विस्तारक किंवा नितंबावरचे डर्मिस-फॅट (त्वचेचा आतला थर आणि चरबी) कलम. हे कलम मुलाबरोबर वाढते, कधी प्रमाणाबाहेरही. मग ते छाटावे लागते. कृत्रिम डोळा बसवल्यावरही चेहरा वाढतो तसा तो बदलत राहावे लागते.