सत्तर मिलिग्रॅमचा तिढा : नेदरलँड्समधील नायट्रोजन-वादाचा धडा

शेतकऱ्याने नवा गोठा बांधावा की नाही, हे एखाद्या संगणकीय प्रतिमानाने ठरवावे का? नेदरलँड्समध्ये हा प्रश्न गेली काही वर्षे न्यायालये, रस्ते आणि मतपेट्या या तिन्ही ठिकाणी लढवला जात आहे.

गुराढोरांच्या मूत्रातील युरियाचे शेणाशी संपर्क येताच अमोनियात रूपांतर होते. या वायूचा काही भाग जवळच जमिनीवर आणि झाडाझुडपांवर उतरतो. उरलेला हवेतील आम्लांशी संयोग पावून सूक्ष्म कणांच्या रूपाने शेकडो किलोमीटर जातो. निकृष्ट जमिनीवर तगणाऱ्या वनस्पतींना हे आयते खत सोसत नाही. माळावरील हेदर झुडपांची जागा गवत घेते, माती आम्लधर्मी होते, तिच्यातील कॅल्शियम वाहून जाते आणि त्याची झळ गोगलगायींपासून पक्ष्यांपर्यंत पोहोचते. लहानशा भूभागावर दाट पशुपालन करणाऱ्या या देशात साचणाऱ्या नायट्रोजनपैकी जवळपास निम्मा देशातील शेतीतून येतो, तर सुमारे एक तृतीयांश सीमेपलीकडून.

अडचण अशी, की जमिनीवर उतरणारा नायट्रोजन थेट मोजणे कठीण आणि खर्चिक आहे. त्यामुळे तो गणिताने काढावा लागतो. जनावरांची संख्या, गोठ्यांचे प्रकार, खत टाकण्याची पद्धत, वारा, पाऊस आणि भूपृष्ठाचे स्वरूप ही माहिती घेऊन राष्ट्रीय आरोग्य व पर्यावरण संस्थेचे, म्हणजे आरआयव्हीएमचे, प्रतिमान देशभरातील साचणूक काढते. ‘एरियस’ ही प्रणाली तीच आकडेमोड एकेक हेक्टरच्या षट्कोनांपर्यंत नेते. राखीव निसर्गक्षेत्रांत २००५ पासून टांगलेल्या साध्या नळ्यांतून हवेतील अमोनिया मोजला जातो आणि हिशेब त्याच्याशी ताडून पाहिला जातो.

या हिशेबावर २०१५ मध्ये एक सरकारी योजना उभी राहिली. पुढे प्रदूषण घटेल, या भरवशावर आजच परवाने द्यायचे, आणि वर्षाला हेक्टरी १ मोलपेक्षा कमी भर घालणाऱ्यांनी केवळ कळवायचे. २९ मे २०१९ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने ही उधारी अमान्य केली. नियम पाळून कळवणारे हजारो व्यावसायिक, त्यांत बहुतांश शेतकरी, एका दिवसात विनापरवाना ठरले. रस्ते आणि घरबांधणीचे प्रकल्पही अडले. ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टरांचे ताफे हेगमध्ये शिरले.

त्यानंतर परवान्यासाठी कळीचा ठरला ०.००५ मोल हा आकडा. म्हणजे एका हेक्टरवर वर्षभरात जेमतेम ७० मिलिग्रॅम नायट्रोजन. इतकी सूक्ष्म भर कोणतेही उपकरण रानात दाखवू शकत नाही, ती केवळ गणितातच दिसते. प्राध्यापक होर्डाइक यांच्या समितीने २०२० मध्ये नेमके याच जागी बोट ठेवले. देशपातळीवरील चित्रासाठी प्रतिमान भरवशाचे आहे, पण एकेका प्रकल्पाच्या स्थानिक परवान्यासाठी ते पुरेसे नाही, असा त्यांच्या निष्कर्षांचा आशय होता. सरकारने मात्र जून २०२२ मध्ये विभागवार १२ ते ९५ टक्के कपात दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला. आपले शिवार ९५ टक्क्यांच्या रंगात पाहणाऱ्या शेतकऱ्याला तो धोरणाचा आराखडा वाटला नाही, तर जप्तीची नोटीस वाटली. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांची बाजू घेणारा नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला.

मात्र मतदानाने माती सुधारत नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी हेग न्यायालयाने २०३० पर्यंत नायट्रोजन-संवेदनशील निसर्गापैकी निम्मा भाग धोक्याच्या मर्यादेखाली आणण्याचा आदेश दिला. कसूर झाल्यास एक कोटी युरो दंड. त्याच वर्षी सरकारने परवान्याची मर्यादा पुन्हा १ मोलवर नेण्याचा मार्ग धरला. सूक्ष्म आकड्यांचा जाच थांबावा, ही मागणी रास्तच आहे. परंतु मर्यादा उंचावल्याने एकूण साचणूक घटत नाही. ती घटवणारे ठोस उपाय सोबत नसतील, तर ही २०१५ च्याच उधारीची पुनरावृत्ती ठरेल.

हे सारे दूरचे मानण्याचे कारण नाही. उपग्रहांच्या निरीक्षणांत सिंधू-गंगेचे मैदान जगातील सर्वाधिक अमोनियाच्या प्रदेशांत दिसते. आपल्या २००९ च्या मानकांत अमोनियाची वार्षिक मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. युरोपात दगडफुलासारख्या नाजूक जीवांसाठी ती १ मानली जाते. पहिली मर्यादा प्रामुख्याने माणसाच्या श्वासासाठी आहे, दुसरी रानासाठी, हे खरे. पण रानासाठी आपल्याकडे वेगळी मर्यादाच नाही.

प्रतिमान देशाला दिशा दाखवू शकते, एकेका गोठ्याचा न्याय करू शकत नाही. मोजणीची केंद्रे आधी, शेतकऱ्याशी बोलणे त्यासोबत आणि नकाशा त्यानंतर, हा क्रम नेदरलँड्सला फार महाग पडून उमगला. आपण तो फुकट शिकू शकतो.