पाच लिटर पाणी

बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. लाखांच्या रकमेची त्याला धास्ती वाटत नाही. रात्री नऊ वाजता टॅली न होणारे सव्वातीन रुपये मात्र त्याची झोप उडवतात. विमानाच्या इंधनातल्या पाण्याविषयी वाचताना मला ते सव्वातीन रुपये आठवले.

१७ जानेवारी २००८. बीजिंगहून आलेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ हीथ्रोवर उतरत होते. सुमारे ७०० फुटांवर असताना आधी एका आणि काही सेकंदांत दुसऱ्या इंजिनाचा जोर ओसरला. विमान धावपट्टीच्या अलीकडे गवतात आदळले. आतले १५२ जण वाचले. टाक्यांत दहा हजार किलो इंधन शिल्लक होते!

इंधनात भेसळ नव्हती. सत्तर हजार किलोंवर भरलेल्या त्या इंधनात फार तर पाचेक लिटर पाणी असावे, तेही प्रमाणात बसणारे. हे इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचेच भावंड. ते कधीच पुरते कोरडे नसते. वाटेतल्या थंडीत ते उणे ३४ अंशांपर्यंत उतरले. इंधन गोठले नाही, पाणी गोठले. नळ्यांच्या आतून साचलेला बर्फ, उतरताना इंजिनांनी जास्त इंधन मागताच सुटला आणि इंधन तापवणाऱ्या उपकरणाच्याच तोंडाशी अडकला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. पुरावा तोवर वितळून गेलेला.

कर्जखात्यात असताना मीही 'नियमानुसार' असा शेरा मारून सह्या केल्या आहेत. त्यातली काही खाती बुडाली. कागद चोख होते.

पाणी जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसते. तिथला नमुना स्वच्छ बरणीत काढून पाहायचा, कुपीतली पिवळी चकती हिरवी होते का बघायचे, हे काम रोजचे आणि कंटाळवाणे. खर्चाला कात्री लावताना साहेबांची नजर प्रथम अशाच कामावर जाते, हा माझा अनुभव.

कधी इलाजच उलटतो. २०१० साली सुराबायाहून निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या विमानात, इंधन भरतानाच्या गाळणीतला पाणी शोषणारा पदार्थ खारट पाण्यामुळे सुटून गोळ्यांच्या रूपाने इंधनात उतरला. एक इंजिन चढ्या जोरावरच अडकले, आणि हाँगकाँगला ते विमान ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या वेगाने टेकले.

हीथ्रोच्या अपघातानंतर त्या उपकरणात बदल झाला. ज्यांवर बर्फ अडला त्या बारीक नळ्यांची टोके चकतीच्या जरा वर आलेली होती. ती चकतीशी समतल करण्यात आली.